रविवार, रस्ता आणि फटफटी



वसंतातील व्याख्यानाला विषय भारदस्त असावा असा आपल्याकडे संकेत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठांवर इतिहास, अर्थशास्त्र, वेदान्त आणि राजकारण यांचीच बैठक आहे. त्या पंक्तीत मोटारसायकलीला पाट मांडावयाचा म्हणजे थोडे धाडसच होय. त्यातून मी बोलणारा कामगार संघटनेचा माणूस. माझे शिक्षण बहुतेक गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण चिटणिसांनी सांगितले की तळवली, गोठिवली, रबाळे, घणसोली या भागातील पुष्कळ तरुण हल्ली मोटारसायकलींची मंडळे करून रविवारी पहाटे बाहेर पडतात, त्यांच्याबद्दल वडीलमंडळींच्या तक्रारी असतात, तर या गोष्टीचा एकदा नीट विचार व्हावा. विचार करावयास लागलो तेव्हा ध्यानात आले की विषय मुळीच हलका नाही. या छंदाला तीन वस्तू लागतात : एक सुटीचा दिवस, दुसरा रस्ता आणि तिसरी गाडी. या तिन्ही वस्तू कोणी ना कोणी मिळवलेल्या आहेत. कोणी मिळवल्या आणि त्यांची किंमत कोणी मोजली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पहिल्यांदा सुटी घेऊ. आपल्या तरुणांना रविवार हा सूर्योदयासारखा आपोआप येणारा वाटतो. तो तसा नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सणावारी गिरणी बंद राही, किंवा यंत्रे पुसावयाची म्हणून काही तास काम थांबे, आणि त्या वेळी पुसावयास कामगारच लागत. ही स्थिती बदलण्यासाठी जो माणूस उभा राहिला तो आपल्याच ठाण्यात १८४८ साली जन्मलेला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे नाव. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक आणि मांडवीच्या एका गिरणीत कोठारावर काम केलेले गृहस्थ. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढले आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. त्यात आठवड्याला एक दिवस सुटीची मागणी होती. पुढे सहा वर्षे हा लढा चालला. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलल्या. त्या काळी स्त्रीने भरसभेत बोलणे ही केवढी गोष्ट होती, याची कल्पना आजच्या श्रोत्यांनी करावी. अखेर गिरणीमालकांच्या संघाने मागणी मान्य केली आणि १० जून १८९० पासून रविवार हा सुटीचा दिवस ठरला. दुसऱ्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुटी आली.

रविवारच का, असे कोणी विचारील. साहेबाचा तो चर्चचा दिवस होता हे खरेच. पण आपल्याकडे रविवार हा खंडोबाचाही वार. एकाच दिवशी साहेबाला आणि कामगाराला दोघांनाही देव आठवावा, हा योग चांगलाच म्हणावयाचा. सांगावयाचा मुद्दा असा की, पहाटे साडेपाचला गाडीला किल्ली लावणारा तरुण ज्या दिवशी किल्ली लावतो तो दिवस अर्जांनी, सह्यांनी आणि सभांनी मिळवलेला आहे. ज्यांच्या कंत्राटात आजही आठवड्याची सुटी नीट लिहिलेली नसते, त्यांना हे निराळे सांगावे लागत नाही.

आता रस्ता. ठाण्याहून निघून कळवा, दिघा, ऐरोली, रबाळे, तळवली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करीत बेलापूरला जाणारा हा वीस-बावीस किलोमीटरचा पट्टा. याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जी चिंचोळी सपाट जमीन आहे तिच्यात आगरी आणि कोळी समाजाची गावे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. वरच्या अंगाला भात, खालच्या अंगाला मिठागरे, त्याच्याही खाली खाडीची मासळी. शेतकऱ्याला एक पीक गेले तर दुसरे धंदे हात देत.

खाडीकाठची शेती म्हणजे काय, हे आता इमारतींत राहणाऱ्यांना सांगावे लागेल. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालावा लागतो. तो बांध एकट्याचा नसतो. माझ्या वाट्याचा बांध मी उत्तम राखला आणि शेजाऱ्याच्या वाट्याला खेकड्याने भोक पाडले, तर पाणी दोघांच्याही भातात शिरते. आणि एकदा खारे पाणी चढले की त्या जमिनीतील मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत काही वर्षे पीक धड येत नाही. म्हणून उधाणाच्या रात्री कंदील घेऊन सारा गाव बांधावर जात असे. मुंबई सरकारने १९४८ साली खार जमिनींचा कायदा केला, तोही याच सामाईक बांधांच्या व्यवस्थेसाठी. संघटना हा शब्द या भागात माझ्यासारख्यांनी आणला असे कोणी समजू नये. ती विद्या इथल्या चिखलात आमच्या आधीपासून होती.

याच विद्येचे फळ १९३० साली दिसले. मिठाच्या सत्याग्रहात घणसोली पुढे आली आणि स्वातंत्र्यसैनिकांचे गाव म्हणून तिचा लौकिक झाला. मीठ पिकवणाऱ्या माणसालाच मिठावर कर द्यावा लागे, तेव्हा त्याला तो सत्याग्रह समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. तिकडे अलिबागच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीनच कसली नाही. इतका दीर्घ शेतकरी संप दुसरीकडे क्वचितच झाला असेल. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ साली आला, त्याच्या मुळाशी या सर्व लोकांचे कष्ट आहेत.

नंतर कारखाने आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि ठाणे खाडीपलीकडचा हा पट्टा त्याने उद्योगांसाठी घेतला. १९६८ साली नोसिलचा नाफ्ता फोडण्याचा कारखाना सुरू झाला. नाफ्ता म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. तो अतिशय तापवला की त्याचे मोठे रेणू फुटतात आणि त्यातून इथिलीनसारखे वायू निघतात. त्या वायूंपासून प्लॅस्टिक आणि इतर शेकडो रसायने. त्याच्याभोवती औषधे, रंग, यंत्रे यांचे कारखाने उभे राहिले आणि तीन पाळ्यांचे भोंगे वाजू लागले.

त्याच सुमारास, १९६५ साली, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर जोड-शहर वसवावे अशी योजना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादन करावयाची ठरली. रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला कारखाने आणि खाडीकडच्या बाजूला वसाहती, असा नकाशा झाला. गावठाणे मध्येच बेटांसारखी उरली. शेतकऱ्याला जमिनीचा जो भाव मिळत होता आणि तीच जमीन भरणी करून विकताना जो भाव येत होता, त्यांत जमीनअस्मानाचे अंतर होते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. आज साऱ्या महाराष्ट्रात, आणि बाहेरही, जमीनसंपादनाची बोलणी निघाली की या साडेबारा टक्क्यांचा दाखला देतात.

पुढची हकीकत सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. १९७३ चा वाशीचा खाडीपूल, १९९२ साली महानगरपालिका आणि त्याच वर्षी वाशीपर्यंत आलेली लोकल, २००४ च्या नोव्हेंबरात ठाण्याहून सुरू झालेला ट्रान्स-हार्बर मार्ग, आणि २०१८ साली खुला झालेला घणसोली-तळवलीचा उड्डाणपूल. जेथे रसायनांची धुराडी होती तेथे पुष्कळ ठिकाणी आता संगणकाच्या कचेऱ्या आहेत. खाडीतील रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. ज्या उड्डाणपुलावरून आपली गाडी दोन मिनिटांत निघून जाते त्याच्या खाली कोणाचे तरी भातखाचर होते, एवढे लक्षात राहिले तरी माझ्या या लांबलेल्या इतिहासाचे सार्थक झाले.

आता तिसरी वस्तू, गाडी. जर्मनीत डाइमलर यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवले आणि १८९४ पासून हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटारसायकल विकण्यासाठी तयार करावयास सुरुवात केली. आपल्या लोकांनी तिच्या आवाजावरून तिला 'फटफटी' असे नाव दिले. इंग्रजी नावापेक्षा ते किती तरी बोलके आहे. इंजिनच्या नळकांड्यात पेट्रोलच्या वाफेचा आणि हवेचा एकेक लहानसा स्फोट होतो, तो दट्ट्याला खाली ढकलतो. दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एकदा स्फोट, आणि प्रत्येक स्फोटाचा एक 'फट'. एकच मोठे नळकांडे आणि जड चाक असले की हे फट-फट एकेक मोजता येते. बुलेटच्या आवाजाचे रहस्य एवढेच आहे. जे तरुण तिचा सायलेन्सर काढून आवाज वाढवतात, ते यंत्राची ताकद वाढवीत नसून शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडीत असतात.

बुलेटची कथा कामगारांनी ऐकावी अशी आहे. ती इंग्लंडमधील रेडिच गावची. भारतीय लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, म्हणून १९५५ साली मद्रासला तिची जोडणी सुरू झाली. हळूहळू सुटे भागही इकडेच होऊ लागले. रेडिचचा मूळ कारखाना १९६७ साली बंद पडला आणि १९७० पर्यंत इंग्लंडातील उत्पादनच संपले. मात्र मद्रासच्या कामगारांनी ती गाडी जिवंत ठेवली. आता तीच गाडी इथून इंग्लंडला जाते. झेकोस्लोव्हाकियाची जावा म्हैसूरला १९६० पासून तयार होऊ लागली. पुढे तिचे नाव येझदी झाले. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. गाड्यांची मंडळे त्या जुन्या जावा आणि येझदी आजही पुसूनपासून चालवतात. ही चांगली गोष्ट आहे. तिच्याबरोबर ज्यांनी त्या जोडल्या आणि ज्यांची नोकरी गेली त्या हातांचीही आठवण असावी. आपल्या महाराष्ट्रात भांडुपला लॅम्ब्रेटा होत असे आणि आकुर्डीला बजाजची स्कूटर. एके काळी चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मुलीचे लग्न ठरले तरी गाडीचा नंबर लागत नसे. १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली. कमी पेट्रोलवर जास्त पळणारी ही गाडी कामगाराच्या खिशाला परवडली, आणि तेव्हापासून कंपनीच्या गेटापुढील सायकलींच्या रांगा जाऊन मोटारसायकलींच्या रांगा आल्या. दुसऱ्या पाळीहून रात्री बाराला सुटणाऱ्या माणसाला बसची वाट पाहावी लागेना. हा बदल लहान नव्हे. ती गाडी ज्या घरात आली त्या घरातील माणूस रोज तासभर लवकर जेवू लागला.

असा हा दिवस, असा हा रस्ता आणि अशी ही गाडी. आता त्यांच्या जोरावर जे मंडळ उभे राहते त्याच्याकडे पाहू. छंदासाठी एकत्र जमणे हे रिकामटेकड्यांचे काम आहे असे माझ्या पिढीतील काही कार्यकर्ते मानतात. मला तसे वाटत नाही. १८९४ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅमला काही तरुणांनी क्लॅरियन सायकलिंग क्लब काढला. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या 'क्लॅरियन' या समाजवादी पत्राचे ते वाचक. सुटीच्या दिवशी ते सायकलींवरून खेडोपाडी जात, हवा खात आणि जाता जाता पत्रके वाटीत. त्यानंतर दोन वर्षांनी जर्मनीतील ओफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांचा 'सॉलिडारिटेट' नावाचा संघ निघाला. त्याची सभासदसंख्या लाखावर गेली, त्याचा स्वतःचा सायकलींचा कारखाना होता आणि मोटारसायकली आल्यावर त्याने आपल्या नावात मोटारस्वारांनाही सामावून घेतले. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने त्याच्यावर बंदी घातली. सायकलवाल्यांच्या संघाला हुकूमशहाने का भ्यावे? कारण जी माणसे रविवारी एकमेकांसाठी थांबावयास शिकतात, ती सोमवारीही एकमेकांसाठी थांबतात.

एकमेकांसाठी थांबणे ही मी केवळ उपमा म्हणून सांगत नाही. चांगल्या मंडळाचे नियम विचारून पाहा. सर्वांत पुढे रस्ता जाणणारा एक, सर्वांत मागे अनुभवी एक. मागच्याच्या पुढे सर्व आहेत की नाही हे तो पाहतो. कोणाची गाडी पंक्चर झाली तर तो थांबतो आणि बाकीचे पुढच्या ठरलेल्या जागी थांबतात. गाड्या एकापाठोपाठ एक सरळ रेषेत नसतात. एक डावीकडे, पुढची थोडी उजवीकडे, अशा आडवळणाने, म्हणजे समोरच्याने एकदम ब्रेक दाबला तरी मागच्याला जागा राहते. दोन गाड्यांत निदान दोन सेकंदांचे अंतर. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, चाल ठरवावयाची ती सर्वांत नवशिक्याला झेपेल अशी. कारखान्यात आमचाही वाद हाच असतो. कामाचा वेग सर्वांत तगड्या जवानाला पाहून ठरवावयाचा की पन्नाशीच्या माणसाला पाहून? गाड्यांच्या मंडळांनी तो प्रश्न शहाणपणाने सोडवलेला आहे.

स्त्रियांचीही मंडळे झाली आहेत. २०११ साली पुण्यातून 'बाइकर्नी' ही केवळ स्त्रियांची संघटना निघाली. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या स्त्रिया आपण पाहतो. मोटारसायकल ही पुरुषाची वस्तू आहे, हा समज त्यांनी कोणाशी वाद न घालता मोडून काढला.

मात्र या विषयाला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. ५० हजारांहून अधिक जण हेल्मेट नसताना मेले. त्यांपैकी १४ हजारांवर मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे; चार वर्षांवरील मुलालाही. आपण मात्र पुढच्याने हेल्मेट घातले की पोलीस चुकला असे समजतो. डोके काही पोलिसाचे नसते.

वेगाचे गणितही समजून घ्यावे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ने जाणारी सुमारे १७ मीटर. डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेक न लागताच सरले. त्यापुढे गाडी थांबावयास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे वेग दीडपट केला की ते सव्वादोन पट होते. वेग वाढवून रबाळ्याहून तुर्भ्याला पाच मिनिटे आधी पोचता येते हे खरे. पण त्या पाच मिनिटांत कंपनीचे काम होते, आणि जीव आपला जातो.

अपघात झाल्यावर पहिला तास हा सोन्याचा मानतात. जखमीला उचलले तर पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने माणसे लांबून पाहत राहतात. ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात, कलम १३४-अ मध्ये, आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही, पैसे भरावयास लावता येत नाही. मे २०२५ पासून रस्ता-अपघातातील जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजनाही लागू झाली आहे. ही माहिती मंडळाच्या प्रत्येक सभासदाला पाठ असली पाहिजे. या रस्त्यावर रात्री-पहाटे सर्वांत आधी पोचणारा माणूस बहुधा दुचाकीवालाच असतो.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो. पाळीला जाताना रस्त्यात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना घेऊन मी एकदा नव्हे, अनेकदा कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो आहे. उत्तर ठरलेले असे : 'गेटाच्या बाहेर झाले, आमचा संबंध नाही.' एका कारखान्यात तर गेटापासून पन्नास पावलांवर पडलेल्या माणसाबद्दल हेच ऐकावे लागले. जणू तो माणूस पहाटे पाचला हौसेखातर त्या बाजूला फिरावयास आला होता!

या बाबतीत जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो प्रत्येक कामगाराच्या घरी माहीत व्हावा असा आहे. खटला आपल्याच महाराष्ट्रातला, आज ज्याला धाराशिव म्हणतो त्या जिल्ह्यातला. साखर कारखान्यातील एक पहारेकरी. त्याची पाळी पहाटे तीनची. एप्रिल २००३ मध्ये तो मोटारसायकलवरून कामाला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर राहिला असताना अपघातात मेला. नुकसानभरपाई आयुक्तांनी कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कुटुंबाच्या बाजूने दिला. राज्य विमा कायद्यात २०१० साली ५१-ई हे कलम घालून कामावर जाता-येताना झालेला अपघात कामातलाच धरला होता. तोच अर्थ १९२३ च्या भरपाई कायद्यालाही लागतो, असे न्यायालयाने म्हटले. अट एवढीच की, अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला पाहिजे. पहाटे तीनच्या पाळीचा पहारेकरी त्या वेळी त्या रस्त्यावर दुसऱ्या कशासाठी असणार? न्याय मिळाला; पण त्याला बावीस वर्षे लागली. म्हणून माझे सांगणे असे की पाळीचे पत्रक, हजेरीचा उतारा आणि रोजचा रस्ता कोणता याची नोंद घरात ठेवावी. अपघातानंतर पंचनाम्यात 'कामावर जाताना' हे दोन शब्द आले आहेत की नाहीत ते पाहावे. ते नसतील तर पुढची भांडणे फार लांबतात.

दुसरी एक गोष्ट. रविवारी पहाटे मंडळाच्या गाड्या चहाला थांबतात त्याच टपरीवर पाठीला चौकोनी पेटी लावलेला एक तरुण उभा असतो. गाडी त्याचीही तसलीच. फरक एवढाच की त्याला रविवार नाही. घरोघरी जेवण आणि किराणा पोचवणाऱ्या या मुलांना कंपन्या कामगार म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात. पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, पाऊस त्याचा आणि अपघातही त्याचा. भागीदारी कशात आहे ते मला अजून कोणी समजावून दिलेले नाही. राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी पहिला कायदा केला. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यात या मंडळींचा प्रथमच उल्लेख आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या निधीत घालावी अशी तरतूद आहे. कागदावर आलेले हातात यावयास काय करावे लागते, हे लोखंड्यांच्या गोष्टीत आपण पाहिले.

संघटना काढणे कठीण असते असे नाही. १९२६ च्या कायद्याने कामगार संघाच्या नोंदणीच्या अर्जाला सात माणसे लागत; नव्या संहितेतही अर्जाचा आकडा सातच आहे. मंडळाची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली करावयाची तर तेथेही सातच लागतात. कायद्याच्या दृष्टीने छंद आणि हक्क या दोहोंना सारखीच माणसे पुरतात. आमच्या तळवलीत सात मोटारसायकली एका टपरीपुढे उभ्या राहणे ही काही अवघड गोष्ट नव्हे.

म्हणून या भागातील मंडळांना माझ्या चार सूचना आहेत. पहिली, वर्षातून एक रविवार दूरच्या किल्ल्याऐवजी जवळच्या गावांत काढावा : घणसोली, चिरनेर, जासई. तेथील वृद्धांना बोलते करावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे, कारण सांगणारे आता थोडेच उरले आहेत. दुसरी, सभासदांना प्रथमोपचार शिकवावा आणि प्रत्येक गाडीवर पट्ट्या-कापसाची पिशवी असावी. तिसरी, रस्त्यावरचे खड्डे, बंद पडलेले दिवे आणि धोक्याची वळणे यांची यादी करून दर पावसाळ्यापूर्वी महानगरपालिकेकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये. चौथी, पाठीवर पेटी असलेल्या त्या तरुणाला आपल्यात बसवून घ्यावे. त्याच्याकडून वर्गणी मागू नये, त्याला रस्ता आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि वडीलमंडळींना एकच विनंती. आवाजाची तक्रार जरूर करा, ती रास्त आहे. मात्र ती करताना मुलाला जवळ बसवून त्याच्या गाडीखालच्या जमिनीची हकीकतही सांगा. बांधावर कंदील घेऊन आपले वाडवडील का उभे राहत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.